उलटा फोन

चेन्नईत कुणाच्याही घरी गेलं की निघताना हातात पोडीची एक बाटली पडतेच. पोडी म्हणजे इडलीबरोबर खायची डाळीची चटणी. नको म्हणायची सोय नाही. वर्षभरात फ्रिजचा एक कप्पा भरतो आणि मग एखाद्या रविवारी सगळ्या बाटल्या खाली काढून वास घेत बसावं लागतं. ही कुठली? ही कुणाची? आमच्या ऑफिसातले किस्से असेच साठलेत. आज बसलोच आहोत गप्पा मारत, तर उघडते एकेक!

आधी काम काय ते सांगते. अमेरिकेत शोधपत्रकारितेसाठी एक मोठं पारितोषिक देतात. नाव बाहेर सांगायचं नाही असं आम्ही करारात लिहून दिलंय, तेव्हा नुसतं 'पारितोषिक' म्हणू. तिथले वार्ताहर एकेका बातमीच्या मागे हात धुऊन लागतात, कुणाचं तरी बिंग फोडतात आणि ती बातमी स्पर्धेला पाठवतात. निकाल तिकडचे परीक्षक लावतात. पण त्यांच्यापुढे जाण्याआधी बातमीतला शब्द न् शब्द कुणीतरी तपासावा लागतो. ते काम इथं चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी दातांचा दवाखाना, आणि मध्ये आम्ही तिघं.

मी सातारची. नवऱ्याला चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि क्वार्टर्समध्ये बसून कंटाळले म्हणून ही नोकरी धरली. माझी आई सातारला शेजारणींना सांगते, "आमची सुजाता अमेरिकेतल्या चोरांना फोन करते." ऐकायला विचित्र वाटतं, पण तिनं माझ्या नोकरीचं केलेलं वर्णन माझ्या ऑफर लेटरपेक्षा जास्त बरोबर आहे!

आमचे साहेब म्हणजे सेतुमाधव राव. तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्या तमिळनाडूत, घर चेन्नईच्या टोकाला, तांबरमला. इंटरव्ह्यूच्या दिवशी त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि विचारलं, "तुम्हांस मराठी येतें की?" मला वाटलं कुणीतरी बखर उघडून वाचतंय! माझं मराठी त्यांना 'फार फास्ट' वाटतं. तिसरी दिव्या. तीही तंजावरची मराठीच, पण आईशी मराठी, मैत्रिणींशी तमिळ आणि रागावली की इंग्रजी. अमेरिकेतल्या माणसांचं बोलणं मात्र मी आता सरसकट मराठीतच सांगणार आहे, सांभाळून घ्या.

आणि उलटा फोन ही राव सरांची देणगी. पहिल्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या मंडळींना मीटिंगमध्ये विचारलं होतं, "ज्याच्यावर आरोप केलाय, त्याला तुम्ही कुणी फोन केला का?" ते म्हणाले, वार्ताहरानं केलाच असेल की. सर म्हणाले, "वार्ताहरानं छापायच्या आधी केला. बक्षीस द्यायच्या आधी तुम्ही केला का?" तेव्हापासून नियमच झाला. प्रत्येक बातमीत ज्याचं पितळ उघडं पडलंय, त्याला आम्ही फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "यात काही चूक आहे का?" त्यानं दाखवलेली चूक खरी निघाली, तर पेपरनं पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची. छापली तर एंट्री टिकते, नाहीतर बाद. आणि त्या माणसाशी बोलणंच झालं नाही, तरीही बाद!

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे डोरीन.

*

डोरीन साठीच्या पुढची. एका लहानशा गावात साप्ताहिक चालवते, एकटी. बातम्या तीच लिहिते, छापून आलेले गठ्ठेही तीच दुकानात टाकते. त्या गावात मिसेस लँडी नावाच्या बाईंचा वृद्धाश्रम आहे आणि अख्खं गाव मिसेस लँडींना देवीसारखं मानतं. थंडीत एकदा आश्रमाचा हीटर बंद पडला. दुरुस्तीवाला लगेच यायला तयार होता, मिसेस लँडींनी त्याला सोमवारी ये म्हणून सांगितलं. शनिवारी रात्री अर्ल नावाचे एक आजोबा आपल्या खोलीत गारठून गेले. गावात सांगितलं गेलं की झोपेत गेले, पुण्यवान माणूस. डोरीननं दुरुस्तीवाल्याला गाठलं, नर्सला गाठलं, शेजारच्या खोलीतल्या आजीबाईंना गाठलं, आणि सगळं छापलं.

गाव उलटलं, पण डोरीनवर! दुकानदारांनी तिचा पेपर ठेवणं बंद केलं. चर्चमध्ये ती गायला उभी राहायची तिथं शेजारी कुणी उभं राहीना. सगळ्यांचं एकच म्हणणं, धादांत खोटं आहे.

आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, 'या बातमीत तुमचं काय चुकलं?' डोरीननं तिथं लिहिलं होतं, 'मला अजून चूक सापडलेली नाही. गाव म्हणतं की सगळंच चूक आहे. कृपा करून तुम्ही शोधा.'

राव सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हिला बक्षीस नको अहे पा," ते म्हणाले. "हिला कोणीतरी तपासायला पाहिजे अहे." त्या बाईला गावात राहायचं होतं, आणि त्यासाठी कुणीतरी तिऱ्हाईतानं खरं-खोटं करणं एवढीच तिची आशा होती.

तिचं सगळं तपासून झालं, सगळं चोख निघालं. राहिला फक्त उलटा फोन. शुक्रवारपर्यंतची मुदत. आणि मिसेस लँडी आमचा आवाज ऐकला की फोन ठेवून देत!

*

आता फोन ठेवून देण्यात नवीन काही नाही म्हणा. आमची खरी अडचण दुसरीच आहे. भारतातून फोन आला की अमेरिकेतला माणूस आधी घाबरतो, कारण त्याला वाटतं, हा लुबाडायला आलाय. मी "हॅलो" म्हणायचा अवकाश, पलीकडून ओरडा सुरू, "माझा कॉम्प्युटर उत्तम आहे!"

एकदा एका गावच्या मोठ्या अधिकाऱ्याला मी फोन केला. कंत्राटदारांकडून त्यानं जे जे उकळलं ते एका वार्ताहरानं वर्षभर खपून बाहेर काढलं होतं. मी नाव सांगितलं, चेन्नई सांगितलं. तो म्हणाला, "मला इन्शुरन्स नको, वॉरंटी नको, काही नको." मी म्हटलं, "नाही हो, तुम्ही लाच घेतली म्हणून बातमी आली होती ना, त्याबद्दल बोलायचंय."

त्यानं केवढा तरी सुस्कारा टाकला! "अच्छा, ते होय? मग बोला ना, मला वाटलं तुम्ही फसवायला फोन केलाय!"

*

माझा आयुष्यातला पहिला उलटा फोन मात्र तुरुंगात गेला होता. मी इतकी घाबरले होते की दिव्यानं माझ्यापुढे बज्जीची, म्हणजे आपल्या भज्यांची, बशी सरकवली. पलीकडचा माणूस बिल्डर होता. कच्च्या सिमेंटची घरं बांधून विकली, एका तरुण वार्ताहर मुलीनं त्याचा बुरखा फाडला, खटला झाला, शिक्षा झाली. मी विचारलं, "त्या बातमीत काही चूक आहे का?"

तो म्हणाला, "नाही. छापायच्या आधी ती पोरगी मला पुन्हा पुन्हा फोन करत होती. हे लिहू का, ते बरोबर आहे का, तुमची बाजू सांगा. इतक्या वेळा तर माझ्या वकिलानंही मला काही विचारलं नाही." मग म्हणाला, "तिला बक्षीस मिळणार का?"

मी म्हटलं, "ते मला सांगता येत नाही."

"मिळायला हवं," तो म्हणाला. "मी घरं तिच्यासारखी बांधली असती, तर इथं नसतो."

मी हेडफोन काढला तेव्हा बज्जी गार झाली होती. कामावर रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता आणि मला वाटलं, आपण कुठल्या लोकांच्या गावाला आलो आहोत? लिहिणारी ती तशी, आणि ज्याच्यावर लिहिलं तोही असा!

संध्याकाळी लोकलमध्ये नवऱ्याचा फोन आला, कसं चाललंय म्हणून. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या फॅक्टरीत एक बोल्ट कमी आला तरी कुणी कबूल करत नाही गं!"

*

'तुमचं काय चुकलं?' या प्रश्नाची तऱ्हा तर विचारूच नका. आपल्याकडे हा प्रश्न विचारला, तर लोक 'लागू नाही' लिहून मोकळे होतील. तिकडची माणसं पानंच्या पानं भरतात. एका मोठ्या वर्तमानपत्राच्या वार्ताहरानं लिहिलं होतं, अमक्या बाईंना मी संध्याकाळी फोन केला, ती त्यांच्या मुलाला जेवू घालायची वेळ होती, तेव्हा करायला नको होता. तमक्या आकड्याला मी 'भयंकर' म्हटलं, नुसता आकडा पुरला असता. दिव्या वाचता वाचता म्हणाली, "सर, हे एंट्री आ? की रेझिग्नेशन लेटर आ?"

पण खरा किस्सा पुढचा. एका टीव्ही चॅनलची बातमी होती, एका हॉस्पिटलनं रुग्णांना नको ती ऑपरेशनं केली म्हणून. जबरदस्त काम! आम्ही तिघांनीही मनातून तिलाच पहिलं बक्षीस देऊन टाकलं होतं. तपासणी पुरी झाली, उलटा फोन झाला, हॉस्पिटलवाल्यांनाही बोट ठेवायला जागा सापडली नाही. आणि निकालाच्या तोंडावर त्या वार्ताहराचाच फोन आला.

"माझी एंट्री मागे घ्या," तो म्हणाला. "बातमीतल्या एका बाईंना त्या ऑपरेशनची खरंच गरज होती. मला काल कळलं. त्यांच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं."

राव सर म्हणाले, "एकच बाई ना? बाकीचं सगळं खरं आहे. दुरुस्ती छापा, एंट्री टिकेल. आमचा नियम आहे तसा."

"दुरुस्ती आज रात्रीच दाखवतोय," तो म्हणाला. "पण मी त्या बाईंचा चेहरा सगळ्या देशाला दाखवला. त्या बातमीवर मला बक्षीस घेता येणार नाही."

आणि मी पाहिलं, राव सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. फोन कानाला, दुसरा हात पँटच्या शिवणीला, शाळेत मास्तर वर्गात आल्यावर राहायचो तसे. पलीकडच्या माणसाला काय दिसतंय? पण फोन संपेपर्यंत सर बसले नाहीत. मग आम्हीही उभ्या राहिलो. काय करणार, बसवेना!

पुढे ती आमच्याकडची पद्धतच होऊन बसली. असा कुणी फोनवर भेटला की सर उठतात. वर्षातून एखाद्या वेळी. शेजारचे दातांचे डॉक्टर एकदा काही मागायला आले आणि आम्हा तिघांना कॉम्प्युटरपुढे उभं बघून म्हणाले, "राष्ट्रगीत चाललंय का?"

*

तर डोरीनच्या त्या आठवड्यात मिसेस लँडींना मी फोन केला, त्यांनी ठेवला. दिव्यानं केला, ठेवला. तिकडे सकाळचे सहा-सात वाजलेले असायचे, इकडे आमची चार-पाचची कॉफीची वेळ. शेवटी दिव्या वैतागली, "आम्ही निरोप ठेवू, सर. बोलले म्हणून लिहू." सरांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. दिव्यानं मुकाट्यानं पुन्हा नंबर फिरवला. पलीकडून तोच खट्टकन आवाज.

*

वातावरण गंभीर झालं असेल, तर पुलाची गोष्ट ऐका.

एका जिल्ह्यात नदीवर पूल. दर थोड्या दिवसांनी सरकारी इन्स्पेक्टरनं खाली उतरून त्याचे खांब तपासायचे आणि 'ठीक' असा शेरा मारायचा. एका वार्ताहराला शंका आली की हा गृहस्थ घरी बसून शेरे मारतो. पण सिद्ध कसं करणार? 'मी गेलो होतो' म्हटलं की संपलं! त्या पठ्ठ्यानं काय करावं? इन्स्पेक्टरनं मारलेल्या प्रत्येक शेऱ्याच्या दिवशी नदीला पाणी किती होतं, ते काढलं. एका 'ठीक'च्या दिवशी महापूर होता आणि अख्खा पूल पाण्याखाली होता! वर रस्ता दिसत नव्हता, तिथं हा खालचे खांब तपासून आला म्हणे.

मी तर ते वाचून टाळीच वाजवली. आम्ही नुसतं बसून वाचतो, पण त्याला हे सुचलं कसं असेल? नदीला साक्षीला बोलवायचं!

उलटा फोन दिव्यानं केला. तिनं विचारलं, "त्या दिवशी पूल पाण्याखाली होता, असं लिहिलंय. यात काही चूक आहे का?"

इन्स्पेक्टर म्हणाला, "पाणी होतं, पण स्वच्छ होतं हो!"

*

आता राव सर ही पद्धत ऑफिसातच ठेवतील तर शपथ! तांबरमला त्यांच्या अपार्टमेंटमध्ये उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. सगळी बिल्डिंग कुजबुजायची की सेक्रेटरी टँकर आला की आधी स्वतःची टाकी भरून घेतो. जिन्यात कुजबुज, गच्चीवर कुजबुज, देवळाच्या रांगेत कुजबुज. राव सरांच्या बायकोनं, कमलामामींनीही घरी विषय काढला. सरांनी चपला घातल्या.

"कोठें चालला?" मामींनी विचारलं.

"त्याला कोणी विचारलें का?"

"अय्यो, तसं कोणी विचारतात का!"

पण सर गेलेच. सेक्रेटरीही तंजावरचा मराठीच; त्याच्या दारात उभं राहून स्पष्ट म्हणाले, "सगळे म्हणतात, तुम्ही टँकरचं पाणी आधीं घेतां. ह्यांत कांहीं चूक अहे का?"

सेक्रेटरी बिचारा इतकी वर्षं सगळ्यांच्या नजरा झेलत होता, पण असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं आत वळून स्वयंपाकघराकडे बघितलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक चूक अहे. मी नव्हे, बायको."

तेव्हापासून टँकर आला की सगळ्यांच्या टाक्या एकदम भरतात. आणि सेक्रेटरीची बायको सोडली, तर अख्खी बिल्डिंग राव सरांना मानते. मामींनी हा किस्सा मला सांगितला तेव्हा हसत हसत डोळे पुसले आणि जाताना अर्थातच पोडीची बाटली दिली.

*

शुक्रवार उजाडला. डोरीननं तोवर एकदाही फोन करून 'माझं काय झालं' म्हणून विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, इतकं आम्हाला लागलं होतं. कॉफी आली, कुणी घेतली नाही. राव सर म्हणाले, "आज मी करतो." आणि फोन स्पीकरवर टाकला.

वाजला. उचलला. सरांनी एका दमात सांगितलं, "मॅडम, मी राव, चेन्नईहून. मी काही विकत नाही. पोलीस नाही, कोर्ट नाही. डोरीनच्या बातमीत काही चूक असेल तर ती तुमच्याकडून ऐकायला फोन केलाय."

आम्ही त्या खट्टकन आवाजाची वाट पाहत राहिलो. तो आला नाही.

"मी ती वाचलेली नाही," मिसेस लँडी म्हणाल्या. म्हातारा, दमलेला आवाज. "गावातल्या लोकांनी मला सांगितलं, घाण आहे, वाचू नकोस. सगळेच म्हणाले, खोटं आहे. मग मला वाचायची वेळच आली नाही."

"मी वाचून दाखवू?" सरांनी विचारलं.

त्या म्हणाल्या, "सगळी?"

"सगळी."

"वाचा."

आणि राव सरांनी वाचायला घेतलं. त्यांचं इंग्रजी तंजावरचं, प्रत्येक शब्द सावकाश, प्रत्येक पूर्णविरामाला थांबून. हीटर बंद पडला ते वाचलं. दुरुस्तीवाला काय म्हणाला ते वाचलं. सोमवारी ये, हे मिसेस लँडींचंच वाक्य त्यांना वाचून दाखवलं. शेजारच्या आजीबाईंनी रात्री भिंतीवर ठकठक ऐकली, मग ती थांबली, ते वाचताना दिव्यानं माझा हात धरला. सरांचा आवाज कुठं चढला नाही की कुठं पडला नाही. दातांच्या दवाखान्यातलं मशीन घरघरत होतं, खाली रिक्षावाले ओरडत होते, आणि तिकडे एक बाई आपल्या स्वयंपाकघरात बसून ऐकत होती. मध्येच त्यांच्याकडे किटलीची शिटी वाजली. ती त्यांनी बंद केली नाही, आपोआप थांबेपर्यंत वाजत राहिली.

बातमी संपली. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "यात काही चूक आहे का, मॅडम?"

मला वाटलं, आता त्या म्हणणार, सगळंच खोटं आहे. गाव त्यांच्या बाजूला होतं. एक शब्द बोलल्या असत्या तरी पुरला असता.

"आहे," मिसेस लँडी म्हणाल्या. "अर्ल एक्याऐंशीचा लिहिलाय. तो ब्याऐंशीचा होता. आदल्याच दिवशी त्याचा वाढदिवस झाला होता. केक मी केला होता."

सरांनी पेन उचललं. "आणखी काही?"

पलीकडे किटली उचलून ठेवल्याचा आवाज आला.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणखी काही नाही."

"मॅडम, चूक खरी निघाली तर पेपरला दुरुस्ती छापावी लागते. ती कुणी दाखवली, त्याचं नावही छापावं लागतं. तुम्ही नको म्हणालात, तर तुम्ही दाखवलेली चूक मी नोंदवणार नाही. तुमचं नाव छापलं तर चालेल?"

माझ्या लक्षात आलं की सर त्यांना दार उघडून देत होते. नको म्हणा, फोन ठेवा, विषय संपला. डोरीनची एंट्रीही दुरुस्तीशिवायच टिकली असती.

"छापा," मिसेस लँडी म्हणाल्या. "त्याचा वाढदिवस दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही."

राव सर उभे राहिले होते. आम्हीही.

फोन बंद झाल्यावर सगळ्यात आधी सर काय म्हणाले असतील? "दिव्या मा, तिनें सांगितलें म्हणून खरें कसें? तपास." दिव्यानं डोळे पुसत अर्ल आजोबांची जन्मतारीख शोधून काढली. मिसेस लँडी बरोबर होत्या.

डोरीनला फोन मी केला. ती म्हणाली, "मी त्याच्या मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, एक्याऐंशी." वय तपासताना आम्हीही त्या मुलीलाच विचारलं होतं. मग डोरीननं विचारलं, "चूक कुणी दाखवली?"

मी नाव सांगितलं.

"तिनं वाचली?"

"ऐकली. सगळी."

"आणि आणखी काय चूक म्हणाली?"

"आणखी काही नाही म्हणाली."

डोरीन म्हणाली, "पुन्हा एकदा सांगाल?" मी पुन्हा सांगितलं. तिनं बक्षिसाबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

पुढच्या गुरुवारी तिच्या साप्ताहिकाचं पहिलं पान आमच्या कॉम्प्युटरवर आलं. दुरुस्त्या कुठलाही पेपर आतल्या पानात, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत छापतो. डोरीननं ती पहिल्या पानावर, मधोमध, चौकटीत घातली होती. राव सर म्हणाले, "दिव्या मा, मोठ्यानें वाच." दिव्यानं वाचलं:

'दुरुस्ती. वृद्धाश्रमाच्या बातमीत अर्ल यांचं वय एक्याऐंशी छापलं होतं. ते ब्याऐंशी होतं. ही चूक मिसेस लँडी यांनी संपूर्ण बातमी ऐकून घेऊन दाखवून दिली. वृत्तपत्र त्यांचं आभारी आहे.'